अळवाखालची लाईन

मिस्त्री मागच्या दाराशी उकिडवे बसले होते. छिन्नीच्या उलट्या टोकानं फरशी ठोकायचे, कान तिरपा करून ऐकायचे, वीतभर पुढं सरकून पुन्हा ठोकायचे. कुठं भरीव वाजतंय, कुठं पोकळ, एवढाच त्यांचा शोध चालला होता. मग मान वर करून म्हणाले, "सर, तुमची लाईन गेलीया कुठनं? पाणी जातंय कुठं तुमचं?" मी पहिलीपासून कॉलेजपर्यंत याच घरात वाढलो. हजारो बादल्या या मोरीत ओतल्या असतील, पण ते पाणी पुढं कुठं जातं हे मला सांगता येईना. मी म्हटलं, "एक मिनिट हं," आणि कपाटावरची पत्र्याची नळी काढली. त्यात बाबांनी जपलेला घराचा नकाशा होता. कडा ठिसूळ झालेल्या, निळ्या रेघा विटलेल्या. पलंगावर पसरून चार कोपऱ्यांना चार पुस्तकं ठेवली. आई कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली, नकाशाकडे न बघताच म्हणाली, "अरे, ते तिकडनं गेलेलं नाही. अळवाच्या—" मी वर न बघता म्हटलं, "आई, थांब जरा. नकाशा आहे ना."

ती थांबली.

आत जाऊन तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि मिस्त्रींसाठी चहाचं आधण ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहा महिने छळतंय. रागावली असती तर मी विसरून गेलो असतो. या घरात तिला इतक्यांनी इतक्या वेळा "थांब जरा" म्हटलंय, की तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. मी त्यातला आणखी एक.

कामाचं निमित्त दिवाळीतलं. आमचं सांगलीचं घर १९८३ सालचं. त्या काळच्या रीतीप्रमाणे संडास आणि बाथरूम घराच्या मागं, स्वयंपाकघर ओलांडून दोन पायऱ्या उतरल्यावर. घरात संडास ही कल्पनाच तेव्हा पुष्कळांना सोसत नसे. आई आता अठ्ठ्याहत्तरची. वसुबारसेच्या पहाटे ती उठून निघाली, दुसऱ्या पायरीवर दंव होतं, पाय सटकला आणि डाव्या मनगटाचं हाड गेलं. मी पुण्याहून पोचेतो प्लास्टर चढलेलं होतं. त्या रात्री मी जागाच होतो. अंधारात तिची चाहूल लागली. उजवा तळवा भिंतीला टेकत ती पॅसेजमधून चालली होती. सकाळी उजेडात बघितलं तर भिंतीवर कमरेच्या उंचीला एक लांबच लांब मळकट पट्टा. एका रात्रीत असा पट्टा पडत नाही, त्याला वर्षं लागतात. दर महिन्याला मी या भिंतीवरून चालत होतो. ठरवलं की तिच्या झोपायच्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम करायचं. लागून होती ती कोठीची खोली.

पुण्यात माझा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. तिथं असा विचार करायची सोयच नसते. बाथरूमपुरता स्लॅब नऊ इंच-फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला सगळे 'सनकन' म्हणतात. पाइप त्यात टाकायचे, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचा, वर फरशी. कमोड हलवायचा तर त्या खड्ड्याच्या हद्दीतच. हद्द ओलांडली की खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर येतं. शिवाय तो स्लॅब म्हणजे सगळ्या इमारतीचं अंग, त्याला हात लावायचा नाही. सांगलीत तळमजला, खाली आपलीच जमीन, म्हणून मला वाटलं हे सोपं जाईल. मिस्त्री म्हणाले, "सोपं न्हाई सर. स्लॅबखाली जाऊन वर बघता येतंय. हितं खाली जाऊन बघायचं कसं?"

त्यांनी मला पुढचे दोन दिवस जे शिकवलं ते आधीच कुणी शिकवायला हवं होतं. संडासाचा पाइप चार इंची, म्हणजे दुकानातला ११० मिलिमीटरचा. त्याला दर चाळीस इंचांना एक इंच ढाळ लागतो. वीस फूट लाईन असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोब्बर सहा इंच खाली जायला हवं. ढाळ कमी पडला तर तुंबतं हे कुणालाही कळतं. पण जास्त दिला तरी बिघडतं. मिस्त्रींचं म्हणणं, "पाणी पळून जातंय आन् मळ मागं ऱ्हातोय." दोघांनी बरोबर चालायला हवं. आणि पाइप टाकायच्या आधी कमोड आणायचा. कुठल्या कमोडचं तोंड मागं भिंतीत जातं, कुठल्याचं खाली फरशीत. खाली जाणाऱ्याचं भिंतीपासूनचं अंतर कुणाचं नऊ इंच, कुणाचं बारा. पाइप आधी पुरला आणि कमोड नंतर आणला तर तीन इंचांसाठी सगळा कोबा पुन्हा फोडावा लागतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात जी कळकळ होती ती मी फार कमी माणसांत बघितली आहे.

नकाशात लाईन पूर्वेला होती. मागच्या बाथरूमपासून निघून घराच्या पूर्व भिंतीलगत एक तुटक रेघ, तिच्यावर दोन छोटे चौकोन, म्हणजे चेंबर, लाईन उघडून बघायचे झाकणाचे खड्डे. पुढं सेप्टिक टँक. कोठीची खोली पूर्वेलाच. मला आनंद झाला. पाच-सहा फूट गेलं की झालं. बाहेरच्या अंगणावर १९९८ साली बाबांनी सगळीकडे कोबा करून घेतला होता, त्यामुळे चेंबरची झाकणं दिसत नव्हती. त्या दिवसांत सगळ्या कॉलनीनं आपापली अंगणं अशी कोब्याखाली घातली. चिखल नको, गवत नको, साप नको. झाकणावर एखादी खूण ठेवावी असं कुणाच्या मनात आलं नाही. मिस्त्रींनी नकाशा बघितला, मान हलवली आणि माझ्याकडे एकदा बघितलं. आज कळतं की त्यांना विचारायचं होतं, घरात आणखी कुणाला माहीत आहे का. पण माझं बोट त्या तुटक रेघेवर इतकं ठाम होतं की ते काही बोलले नाहीत.

फरशी फोडायचा ब्रेकर लागायच्या आदल्या संध्याकाळी आईनं कोठी रिकामी केली. मला वाटलं होतं तासाभराचं काम. शाळूची दोन पोती, कडुलिंबाचा पाला घातलेला गहू, एरंडेल चोळलेली तूरडाळ, हळकुंडांचा डबा, आणि वरच्या फळीवर ओळीनं चिनीमातीच्या बरण्या: खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढुरक्या, दादऱ्याला बांधलेली सुतळीही जुनी. मोडलेल्या हातानं तिला उचलवत नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट कुठं ठेवायची हे ती सांगत होती आणि मी व माझी बायको ठेवत होतो. खोली रिकामी झाली तरी वास गेला नाही. हिंग, जुनं गोणपाट, आणि खाली कुठंतरी आंबट, लोणच्याच्या खाराचा. शेवटी आईनं हळदी-कुंकवाची कोयरी आणली. ज्या कोपऱ्यात शाळूची पोती उभी असायची, बरोबर त्याच कोपऱ्यात कमोड येणार होता. तिथल्या फरशीवर तिनं हळद-कुंकू वाहिलं, दोन दाणे ठेवले आणि म्हणाली, "जिथं धान्य ठेवलं तिथं आता..." वाक्य पुरं केलं नाही. मी तिच्या सोयीचा विचार केला होता, तिच्या उंचीचा, रात्रीच्या अंधाराचा, भिंतीतल्या कड्यांचा. या कोपऱ्याचा मी विचार केला नव्हता. तिनं 'नको' म्हटलं असतं तर मी तिची समजूत काढली असती, आणि ती निघालीही असती. तिनं तसं म्हटलं नाही. दिवाळीतच म्हणाली होती, "कर तुला काय करायचं ते." मी त्याला होकार समजलो होतो.

कटरनं दोन समांतर रेघा मारल्या आणि मग ब्रेकर सुरू झाला. तो आवाज ऐकू येण्याआधी दातांत जाणवतो. घरभर पांढरी पूड, चहाच्या कपावर साय धरावी तशी. आई तोंडाला ओला पदर लावून स्वयंपाकघरात बसलेली. वरचा थर मोझॅकचा, आमच्याकडे त्याला सगळे स्टाईल म्हणायचे: दुधी रंगात काळ्या आणि विटकरी खड्यांची. त्याखाली दीड-दोन इंच माल, मग चार इंचांचा कोबा, मग मुरूम, आणि मुरुमाखाली उभ्या लावलेल्या डबराचं सोलिंग. या फरशीत लोखंड नाही, ते स्लॅबमध्ये. ही नुसती जमिनीवर अंथरलेली, म्हणून तोडायला परवानगी लागत नाही, धीर मात्र लागतो. कोब्याचा एक खपला मी हातात घेऊन बघितला. वाळूत बारीक बारीक शिंपले होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, काहींचे वेटोळे अजून शाबूत. कृष्णेची वाळू. आता नव्या कोब्याला जी वाळू आली होती ती दगड भरडून केलेली क्रश सँड, करडी, धारदार, तिच्यात नदीचं काहीच नव्हतं. तो खपला मी खिशात घातला.

दुपारपर्यंत कोठीच्या पूर्व भिंतीपर्यंत चर झाला. भिंतीपलीकडे अंगणात साडेचार फूट लांब आणि अडीच फूट खोल खड्डा झाला. पाइप नाही. मिस्त्रींनी पहार घालून दोन्ही अंगांना चाचपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा आणखी पुढं नेला. मुरूम संपून काळी माती लागली. चिकट, फावड्याला धरून बसणारी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आमच्याकडची माती. पाइप नाही, चेंबर नाही, जुन्या खोदाईची भरही नाही. ती माती कधी कुणी हलवलेलीच नव्हती. फुटलेल्या अकरा स्टाईल मी मोजल्या, आणि ती नक्षी आता कुठं मिळत नाही. मिस्त्रींचा पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, घाम पुसत मिस्त्रींना हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं: "काकू कालपास्नं सांगतायत की. चहा द्यायला आल्या तवापण म्हणाल्या."

त्याला सांगितलं होतं. मी थांब म्हटल्यावर तिनं चहा घेऊन येताना त्या पोराला सांगितलं होतं.

मी आत गेलो. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी खाली बसलो आणि म्हटलं, "आई, सांग." तिनं विळी बाजूला सारली आणि सांगितलं. घर बांधलं तेव्हा बाबा सकाळी साडेनऊला ऑफिसला जायचे. भिंतींवर पाणी मारायला, मजुरांकडे बघायला, सिमेंटची पोती मोजायला तीच असायची. मी तेव्हा तिच्या कडेवर. पाया खणत असतानाच पूर्वेच्या शेजाऱ्यांनी येऊन सांगितलं होतं, आमचा आड इथं दहा फुटांवर आहे, तुमची टाकी त्याच्याजवळ नको. त्यांचं बरोबरच होतं, ते सगळे त्या आडाचं पाणी प्यायचे. बाबा घरी नव्हते. गवंड्यानं विचारलं, "वहिनी, काय करायचं?" तिनं सांगितलं, मागून पश्चिमेला घ्या. संध्याकाळी बाबांनी ऐकलं आणि 'बरं केलंस' म्हणाले. नकाशा तोवर मंजूर होऊन आला होता. तो बदलायचं राहून गेलं. "मागच्या भिंतीकडनं गेलंय. अळवाखालनं. तिथं पहिला चेंबर," ती म्हणाली. "तुला माहिती नाही?"

मला माहिती होतं. हे तिला मी सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला ते लख्ख आठवलं. परसात मागच्या भिंतीलगत कोबा न केलेली हातभर रुंद मातीची पट्टी आहे. तिथं अळू. कुणी लावला नाही, कधी घागरभर पाणी घातलं नाही, ऐन वैशाखात परातीएवढी पानं. आणि आमच्या घरी अळूवडी व्हायची ती मंडईतून आणलेल्या अळवाची. लहानपणी मी विचारलं होतं, मागं एवढा अळू आहे तर विकत का आणायचा? आई म्हणाली होती, "ते खायचं नाही." का, हे मी विचारलं नाही. मुलांना घरात शंभर गोष्टींची मनाई असते, त्यातली एक. चाळीस वर्षं ते पान वर डुलत होतं आणि खाली काय आहे ते सांगत होतं.

याच्या उलट आजीचं. आजोळ तासगावकडे, मातीचं घर. संडास नव्हताच, पण न्हाणी होती. काळ्या दगडाची, एका कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर पडणारं पाणी दगडी पन्हळीतून केळीला आणि अळवाला. शिकेकाईचं, राखेचं पाणी. त्या अळवाची वडी आजी अभिमानानं करायची. तिथं पाणी कुठं जातं हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. आंघोळ करणाऱ्यालाही ते जाताना दिसायचं. मिस्त्रींनी आणलेल्या सामानात एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा होता, बाथरूमच्या फरशीत बसणारा, पाणी गाळून घेणारी जाळी आणि खाली वाकडी नळी. त्याला म्हणतात नहाणी ट्रॅप. हार्डवेअरच्या दुकानात हेच नाव चालतं. आजीची न्हाणी कधीच पडली. तिचं नाव मात्र या चार इंची प्लास्टिकवर टिकून आहे, याचं मला फार बरं वाटलं.

त्या ट्रॅपचं सगळं काम दोन इंच पाण्यावर चालतं. नळीच्या बाकात तेवढं पाणी कायम साठून राहतं आणि खालचा वास, खालचे किडे वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं. आई माझ्याकडे महिना-दोन महिने राहून परत गेली की कुलूप उघडल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता आधी मागं जायची आणि प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायची. मी ते देवाला दिवा लावण्यासारखं काहीतरी समजत होतो. तिला ट्रॅप हा शब्द ठाऊक नसेल, त्यातलं पाणी कशासाठी असतं ते ठाऊक होतं.

अळू उपटला नाही, आईनं तो कंदासकट काढून एका घमेल्यात ठेवायला लावला. हातभर खाली पहिला सांधा लागला. जुने पाइप भाजक्या मातीचे, वरून तपकिरी तकाकी. चिखल पुसल्यावर ते थेट कोठीतल्या बरण्यांसारखे दिसले, तोच रंग, तीच झिलई. एकेक पाइप दोन फुटांचा, म्हणजे दर दोन फुटांना सांधा, सिमेंटनं भरलेला. काळी माती दरवर्षी फुगते आणि आकसते. चाळीस पावसाळ्यांत सांधे हलले होते आणि एका सांध्यात अळवाची मुळं केसांच्या गुंतवळासारखी आत शिरली होती. मिस्त्रींनी ती बोटानं ओढून काढली. "तुंबत कसं न्हवतं, हेच नवल," ते म्हणाले. आई पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "तुंबायचं की. मी दर अमावास्येला दोन बादल्या कढत पाणी सोडायचे."

पुढं टाकी. तिचं झाकण सापडल्यावर आई थोडा वेळ गप्प झाली. ही टाकी दोनदा उपसली, एकदा १९९०च्या आसपास. तेव्हा गाडी आली नव्हती, दोन माणसं आली होती. त्यांतला धाकटा आत उतरला. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते, मला शेजारी पाठवलं होतं. तिनं त्यांना आंघोळीला कढत पाणी दिलं, नवा साबण दिला, जेवायला वाढलं. "पण अंगणातच वाढलं," ती म्हणाली. "घरात बोलवायला हवं होतं." हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३च्या कायद्यानं बंदी आली, आणि माणसाला संरक्षणाशिवाय टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तरी माणसं अजून उतरवली जातात आणि मरतात. पाणी कुठं जातं, या प्रश्नाच्या शेवटी कुणीतरी उभं असतं, आणि आमच्या घरात ते एकट्या आईनं बघितलं होतं. तेही तिनं मला पस्तीस वर्षांनी सांगितलं, कारण मी पहिल्यांदा विचारलं.

त्यानंतर मी नकाशा नळीत घातला आणि काम आईला विचारून केलं. मी एक्झॉस्ट फॅन ठरवला होता, तिला खिडकी हवी होती. "मला सकाळचा उजेड दिसला पाहिजे." मी शॉवर ठरवला होता, तिला खाली नळ आणि बादली हवी होती, बसायला स्टूल. उंबरा नको हे दोघांना मान्य, पण मिस्त्री अडले. उंबरा नसेल तर पाणी खोलीत येईल. शेवटी बाथरूमची फरशी अर्धा इंच खाली आणि सगळा ढाळ लांबच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे, असं ठरलं. मग तिनं असं विचारलं की मिस्त्री उठून उभे राहिले. "उलटं येणारं पाणी अडवायला काही बसवता येतं का?"

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. मी पुण्यात अडकलो होतो, रस्ते बंद होते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आई एकटीच. पुराचं पाणी आधी दारातून येतं असं मला वाटायचं. तिनं फोनवर सांगितलं, "दारात अजून नाही. खालनं येतंय." मागच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर आलं होतं. घर जोत्यावर उंच, बाथरूम दोन पायऱ्या खाली, म्हणून पहिला मान त्याचा. तिनं जाळीवर ओल्या कपड्यांचा बोळा, त्यावर पाटा ठेवला आणि शेजाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर गेली. ही युक्ती तिला २००५च्या पुरानं शिकवलेली. मिस्त्रींनी चेंबरच्या तोंडाशी एक झडप बसवली, पाणी जाताना उघडणारी, उलटं यायला लागलं की मिटणारी. "हे काकूंच्या डोक्यातलं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

नवी लाईन पॅसेजखालून मागं काढली. वीस फूट. मिस्त्री पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन्ही टोकांची पातळी पुन्हा पुन्हा बघत होते. बुजवायच्या आधी एका टोकाला बूच मारून रात्रभर पाणी भरून ठेवलं, पेन्सिलची खूण केली. सकाळी पाणी खुणेलाच होतं. मग बूच काढलं. मी मागं चेंबरवर वाकून बसलो आणि आई आत, जिथं कमोड येणार होता तिथं, उजव्या हातात तांब्या घेऊन उभी राहिली. "सोडते रे," तिचा आवाज घरातून आला, आणि पाठोपाठ पाइपातूनही, खोल आणि गोल होऊन. काही क्षण काहीच नाही. मग पातळ चकचकीत जीभ पुढं यावी तसं पाणी आलं, नितळ, शांत, आणि चेंबरच्या बाकातून वळून निघून गेलं.

"आलं का?"

"आलं."

"सगळं आलं?"

तिनं तीन तांबे ओतले. मी तिन्ही येताना बघितले.

कोबा भरल्यावर सात दिवस तो ओला ठेवायचा होता. गोणपाटं अंथरली होती. मी रजा वाढवून थांबलो होतो, पाणी मी मारेन म्हटलं. तिनं स्टूल आणायला लावलं आणि सकाळ-संध्याकाळ पॅसेजच्या त्या लांब पट्ट्यावर मगानं पाणी घालत बसली. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, हात बारीक आणि पांढुरका दिसत होता. पस्तीस-छत्तीस वर्षांची ती अशीच कुठल्या भिंतीवर पाणी मारत उभी असेल आणि मी कडेवर असेन, हे मनात आलं आणि मी तिथून हललो नाही. त्या पट्ट्याला जुळणारी स्टाईल मिळालीच नाही. गावभर फिरलो. शेवटी साधी करडी शहाबादी फरशी बसवली. दुधी मोझॅकमधून एक करडी वाट कोठीपासून मागच्या दारापर्यंत जाते. पाहुण्यांना ती डाग वाटते. आता लाईन कुठनं गेली हे कुणाला विचारावं लागणार नाही. आई म्हणते, शहाबादी उन्हाळ्यात पायाला गार लागते, म्हणून ती पॅसेजमध्ये तिच्यावरूनच चालते. भिंतीवरचा पट्टा रंगाखाली गेला. कोठीतल्या बरण्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेल्या, तिथं तिचा हात पोचत नाही. याला अजून मला उपाय सापडलेला नाही.

घमेल्यातला अळू तिनं पुन्हा त्याच पट्टीत लावायला लावला. नव्या पाइपाला मध्ये गळणारा सांधा नाही, त्यामुळे चैत्रात पानं पिवळी पडून गळाली. मला वाटलं गेला. जेठात गेलो तेव्हा तीन कोंभ वर आले होते, गुंडाळी अजून उलगडायची होती. ती रोज भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी घालत होती. पानं लहान, पण देठ जांभळा, कोवळा. मी विचारलं, "आता खाली काही गळत नाही. वडी करायची का याची?"

तिनं वाकून एका पानावरून अंगठा फिरवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "एक पावसाळा जाऊ दे."